कृष्णेच्या पाण्यातील सिलिकेचा माग : क्षेत्र महाबळेश्वर ते हरिपूर

पहिला दिवस : सांगली ते क्षेत्र महाबळेश्वर

साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या माणसाची सिलिकेशी, म्हणजे सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांच्या संयुगाशी, रोज गाठ पडते, पण ती शत्रू म्हणून. बॉयलरच्या पाण्यात तिचे प्रमाण वाढले की ती उच्च दाबाच्या वाफेबरोबर टर्बाईनपर्यंत जाते आणि पात्यांवर काचेसारखा कठीण थर धरून बसते. म्हणून गळीत हंगाम सुरू असेपर्यंत प्रत्येक पाळीत आम्ही पाण्याचा नमुना काढतो, त्यात आम्ल आणि अमोनियम मॉलिब्डेट घालतो आणि उमटलेल्या पिवळ्या रंगावरून सिलिका किती आहे ते रजिस्टरमध्ये लिहून ठेवतो. गोव्यात सागरी जीवशास्त्र शिकणारी माझी भाची दसऱ्याला घरी आली होती. हे सारे ऐकून ती म्हणाली, “मामा, तुम्ही जी सिलिका हुसकावून लावता, तिच्याच आधाराने समुद्रातला निम्म्याच्या जवळपास हिरवा व्यवहार चालतो.” हिशेबाने पाहता तिचे म्हणणे खरे आहे. समुद्रात प्रकाशसंश्लेषणातून तयार होणाऱ्या अन्नापैकी सुमारे ४० टक्के अन्न डायटम नावाची एकपेशीय शैवले तयार करतात, आणि सिलिकेचे कवच घडवल्याशिवाय बहुतेक डायटमची वाढ होत नाही. ही सिलिका समुद्राला मिळते कोठून, हे आपल्याच नदीच्या काठाने पाहत यावे असे आम्ही ठरवले. बॉयलरच्या अग्निप्रदीपनाला अजून दहा-बारा दिवस अवकाश होता, त्यामुळे रजा मिळाली.

पहाटे निघून कऱ्हाड, सातारा आणि मेढा मागे टाकत आम्ही केळघर घाटाला लागलो. रस्त्यासाठी कापलेल्या दरडींमध्ये काळ्या बेसाल्टचे थर एकावर एक रचलेले दिसतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाच्या लोंढ्यांमागून लोंढे आले आणि निवत गेले, त्यांचेच हे थर आहेत. या खडकात वजनाने जवळजवळ निम्मी सिलिका असते. मात्र घाट संपून माथ्यावर आलो की दगडाचा रंग पालटतो आणि काळ्याच्या जागी तांबडा, सच्छिद्र जांभा दिसू लागतो.

या जांभ्यापाशी आम्ही गाडी थांबवली, कारण सबंध प्रवासाचे उगमस्थान खरे तर तेथेच आहे. पावसाचे पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड विरघळवून घेते, त्याचे सौम्य आम्ल होते, आणि ते आम्ल बेसाल्टमधील खनिजे हळूहळू फोडते. कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम सुटे होऊन पाण्याबरोबर निघून जातात, आणि सिलिकाही सिलिसिक आम्लाच्या रूपाने विरघळून वाहू लागते. मागे उरतात ती लोखंडाची आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडे, म्हणजेच जांभा. सालोसाल साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या या माथ्यावर ही क्रिया लाखो वर्षे चालत आली आहे. जांभ्याचा एक तुकडा मी हातात घेतला. त्याच्या भोकाभोकांत नखाने टोकरले की तांबडी भुकटी निघत होती. आजवर घराच्या भिंतीत पाहिलेला हा दगड म्हणजे सिलिका निघून गेल्यावर मागे राहिलेला सांगाडा आहे, ही गोष्ट मला पन्नाशी जवळ आल्यावर समजली.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. सिलिका म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे वाळू येते. वाळूतले क्वार्ट्‌झ मात्र पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि जीवांना ते घेताही येत नाही. पाणी निवळ दिसत असतानाही जी सिलिका त्यात विरघळलेली असते, तीच डायटमच्या कामी येते. नदी समुद्राला हे देणे देत असते, पण ते आपल्या डोळ्यांना दिसत नाही.

दुपारी पंचगंगेच्या देवळात गेलो. कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचे उगम येथे मानले जातात. यांतील कृष्णा पूर्वेकडे निघते, आंध्र प्रदेशातल्या हंसलदीवीजवळ बंगालच्या उपसागराला मिळेपर्यंत सुमारे १,४०० किलोमीटर वाहते, आणि सावित्री पश्चिमेचा कडा उतरून थोड्याच अंतरात बाणकोटच्या खाडीतून अरबी समुद्रात जाते. एकाच डोंगरमाथ्यावरची सिलिका अशी दोन समुद्रांत वाटली जाते. कृष्णाबाईच्या जुन्या देवळातील गोमुखाखाली आम्ही पहिली बाटली भरली. ती प्लॅस्टिकची होती, कारण काचेच्या बाटलीतून थोडी सिलिका पाण्यात उतरते आणि मोजमाप बिघडते. मुक्कामी आल्यावर खोलीतच चाचणी केली तेव्हा रंग अगदी फिकट, लिंबाच्या पाण्यासारखा आला. ज्या दगडातली सिलिका आधीच निघून गेली आहे, त्यातून पाझरणाऱ्या पाण्यात ती कमी असावी, हे त्या रंगाशी जुळणारे होते.

दुसरा दिवस : वाई, मेणवली आणि धोम

पाचगणीवरून पसरणीचा घाट उतरून नऊच्या सुमारास मेणवलीला पोहोचलो. नाना फडणविसांच्या वाड्यामागचा घाट सकाळी शांत असतो. पाऊस सरून नदीचा गढूळपणा ओसरला होता, आणि पाण्याखालच्या पायऱ्यांवर तपकिरी-सोनेरी रंगाची बुळबुळीत साय धरली होती. नदीकाठी वाढलेल्या प्रत्येकाला ही निसरडी साय तळपायाने ओळखू येते. तिला आपण सरसकट शेवाळ म्हणतो. तिचा हिरव्याऐवजी तपकिरी रंग ही डायटमची खूण असते, कारण त्यांच्यातील फ्युकोझँथिन हे रंगद्रव्य हिरवा रंग झाकून टाकते. भाचीने जुन्या टूथब्रशने तळहाताएवढा दगड खरवडला, बशीत पाणी घेऊन ब्रश त्यात झटकला, आणि वाड्याच्या भिंतीच्या सावलीत आम्ही तिचा लहान सूक्ष्मदर्शक मांडला.

पहिल्या थेंबात मला केवळ कचरा दिसला. मग नजर बसली. होडीच्या आकाराची एक पेशी काचपट्टीवर सरळ रेषेत सरकत होती, थोडी थांबून तशीच मागे येत होती. ही नॅव्हिक्युला. लॅटिनमधले तिचे नाव ‘लहान नाव’ अशा अर्थाचे आहे आणि आपल्या ‘नाव’ शब्दाचे ते नातलग आहे, याचा मला फार आनंद झाला. शेजारी देठावर उभी असलेली, एका टोकाला रुंद आणि दुसऱ्याला निमुळती अशी गॉम्फोनिमा होती, आणि तिच्यापलीकडे सुईसारख्या लांब पेशींचा जुडगा होता. भिंगाची ताकद वाढवल्यावर एका रिकाम्या कवचावर रेघा दिसल्या, कंगव्याच्या दातांसारख्या समान अंतरावर. ती वस्तू काच होती, आणि एका पेशीने थंड पाण्यात, कोणत्याही भट्टीवाचून ती घडवलेली होती. आमच्या टर्बाईनच्या पात्यांवरचा थरही जातीने तोच असतो. तो पाहताना मला कधी असे काही वाटले नव्हते.

मराठी परिभाषेत डायटमला ‘करंडक’ असे नाव आहे, आणि विश्वकोशाचे गाव असलेल्या वाईच्या इतक्या जवळ बसून ते आठवणे मला उचित वाटले. कुंकवाच्या करंड्याला जसे बूड आणि त्यावर बसणारे झाकण असते, तशीच डायटमच्या कवचाची दोन शकले असतात, एक थोडे मोठे आणि दुसरे त्यात बसणारे. पेशीचे विभाजन झाले की प्रत्येक कन्यापेशीला जुने एक शकल मिळते, ती त्यालाच झाकण मानते आणि आतल्या बाजूने नवे बूड घडवते. याचा परिणाम असा होतो की मूळचे बूड ज्या पेशीच्या वाट्याला येते, ती पेशी आपल्या जननीपेक्षा किंचित लहान असते. पिढ्यान्‌पिढ्या आकार घटत जातो, आणि तो फार लहान झाला की बहुतेक जाती लैंगिक प्रजननाने पुन्हा मोठी पेशी निर्माण करतात. नवे बूड घडवण्यासाठी पेशी पाण्यातले सिलिसिक आम्ल खास प्रथिनांच्या मदतीने आत ओढून घेते आणि पेशीतल्या एका पातळ पिशवीत त्याचे ओपल, म्हणजे पाण्याचा अंश असलेली काचेसारखी सिलिका, जमवते. पाण्यात सिलिका नसेल तर हे बूड घडत नाही, आणि विभाजन तेथेच अडते. प्रयोगशाळेत सागरी डायटम वाढवताना पाण्यात सोडियम सिलिकेट मुद्दाम घालावे लागते. ते विसरले तर नायट्रेट, फॉस्फेट, उजेड सगळे असूनही वाढ थांबते, असे भाचीने सांगितले, आणि एकदा ते तिच्याकडूनच विसरले गेल्यामुळे तीन आठवड्यांचे काम वाया गेले होते, हेही सांगितले.

दुपारी धोम धरणावर गेलो. जलाशय काठोकाठ भरलेला होता आणि पाणी इतके संथ की समोरच्या डोंगराची सावली त्यात अखंड दिसत होती. हा संथपणाच येथे महत्त्वाचा ठरतो. वाहते पाणी अडले की गाळ बसतो, उजेड खोलवर पोहोचतो आणि डायटमना वाढायला अवसर मिळतो. ते पाण्यातली सिलिका कवचात बांधतात आणि मेल्यावर तळाच्या गाळात जातात. गोड्या पाण्यातले डायटम त्यांच्या समुद्रातील भाऊबंदांपेक्षा पुष्कळ जाड कवचाचे असतात, त्यामुळे धरणात अडकणारी सिलिकाही त्या मानाने जास्त असते. जलाशयाच्या वरच्या अंगाला आणि धरणाखाली अशा दोन बाटल्या भरून आम्ही चाचणी केली. दोन्हींचा रंग गोमुखाच्या पाण्यापेक्षा गडद होता, पण त्या दोहोंत डोळ्यांना कळेल असा फरक नव्हता. पावसाळ्यात सारा जलाशय नव्या पाण्याने भरून वाहिलेला असल्यामुळे हे स्वाभाविकच आहे. फरक शोधायचा तर पाणी महिनोन्‌महिने साठून राहिल्यावर, चैत्र-वैशाखात यायला हवे.

तिसरा दिवस : संगम माहुली आणि कऱ्हाड

माहुलीला वेण्णा कृष्णेला मिळते. तेथे आम्ही फार थांबलो नाही. एक बाटली भरून उन्हे चढायच्या आत कऱ्हाडकडे निघालो. प्रीतिसंगमावर मात्र संध्याकाळपर्यंत बसलो. येथे कोयना उत्तरेकडून येणाऱ्या कृष्णेला जवळजवळ समोरासमोर भेटते आणि दोघी वळून पूर्वेला जातात. या भेटीला येणारी कोयना पूर्वीइतकी भरलेली नसते, कारण कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयातले पुष्कळ पाणी वीजनिर्मितीसाठी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला सोडले जाते आणि वाशिष्ठीतून चिपळूणजवळून अरबी समुद्राला मिळते. या पाण्याचा विचार आजवर मी विजेच्या आणि शेतीच्या बाजूने केला होता. पूर्वेच्या समुद्रासाठी निघालेली सिलिकासुद्धा त्याबरोबर पश्चिमेच्या समुद्रात जाते, हे त्या दिवशी प्रथमच लक्षात आले.

घाटाच्या पायरीवर बसून भाचीने समुद्राचा जमाखर्च वहीत मांडून दाखवला. जगभरातील नद्या मिळून वर्षाला सुमारे १७ कोटी टन सिलिकॉन विरघळलेल्या रूपात समुद्रात आणतात. समुद्रातील डायटम आणि सिलिका वापरणारे इतर जीव वर्षाला कवचांत बांधतात ते सुमारे ६७० कोटी टन. आवक आणि वापर यांत जवळजवळ चाळीस पटींचे अंतर आहे! मी लगेच विचारले, की हा खर्च भागतो कसा. उत्तर माझ्या रोजच्या रसायनशास्त्रातच होते. समुद्राचे पाणी ओपलच्या बाबतीत सर्वत्र अतृप्त असते, म्हणजे त्यात आणखी कितीतरी सिलिका विरघळू शकते. जिवंत डायटमचे कवच सेंद्रिय आवरणामुळे टिकते. पेशी मेली की जिवाणू ते आवरण खातात आणि उघडी पडलेली काच विरघळू लागते. जिवाणूंचा हा वाटा सागरी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ फारूक आझम आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९९९ साली दाखवून दिला. बनलेल्या कवचांपैकी जवळजवळ निम्मी वरच्या शे-दोनशे मीटर पाण्यातच विरघळून पुन्हा वापरात येतात. उरलेली खाली जाताना आणि तळाशी पोहोचल्यावर विरघळतात, आणि शंभरातली दोन-तीनच कायमची गाळात गाडली जातात. खोल पाण्यात साठलेली सिलिका सागरी अभिसरणातून शतकांनी वर येते. समुद्रात आलेला सिलिकॉनचा अणू गाळात गाडला जाण्यापूर्वी पंधरा ते पंचवीस वेळा कोणत्या ना कोणत्या कवचाचा भाग होतो, आणि या फेऱ्यांत त्याची आठ ते दहा हजार वर्षे जातात.

असे असेल तर नदीच्या आवकेला महत्त्व काय उरले, असे मला वाटले, आणि मी तसे बोलूनही दाखवले. त्यावर भाचीने दोन गोष्टी सांगितल्या. पहिली अशी की जेवढे कायमचे गाडले जाते, तेवढे बाहेरून आले नाही तर हजारो वर्षांच्या हिशेबात समुद्र सिलिकेला मुकेल, आणि त्या भरपाईचा मोठा भाग नद्याच करतात. दुसरी गोष्ट किनाऱ्याजवळच्या उथळ समुद्राची आहे, आणि मला तीच अधिक निकडीची वाटते. डायटमना नायट्रोजनाइतकीच, अणूस अणू अशी, सिलिका लागते. धरणांमुळे सिलिका कमी आणि शेतांतून, गटारांतून नायट्रोजन जास्त येऊ लागला की हा तोल ढळतो, आणि डायटमची जागा सिलिका न लागणारी शैवले घेतात, ज्यांतली काही विषारीही असतात. मासळीची साखळी डायटमवर उभी असते. आपल्या बाजारात येणारी तारलीसुद्धा डायटम खाऊन वाढते.

याचे सर्वांत ठळक उदाहरण नाईलचे आहे. शरदातल्या पुरामागोमाग इजिप्तच्या किनाऱ्यावर डायटमना भर येई आणि त्यावर सार्डिन माशांचे थवे जमत. आस्वानच्या उंच धरणाने १९६४ पासून पूर अडवला. १९६२ साली सुमारे १८ हजार टन असलेली सार्डिनची मासेमारी १९६८ साली हजार टनांच्याही खाली आली. नाईलच्या पुराबरोबर इतर पोषकद्रव्येही थांबली, हे खरे आहे, त्यामुळे सगळा भार एकट्या सिलिकेवर टाकता येत नाही. डॅन्यूब नदीवरील आयर्न गेट्स धरणाचे उदाहरण यापेक्षाही सावधपणे घ्यावे लागते. डॅन्यूब ज्याला मिळते त्या काळ्या समुद्रातली सिलिका घटली आणि डायटम मागे पडले, याचे कारण १९९७ साली या धरणात पाहिले गेले, पण २००४ साली प्रसिद्ध झालेल्या मोजमापांत त्या जलाशयात फारच थोडी सिलिका अडकते असे आढळले, आणि नजर वरच्या अंगाच्या इतर अनेक धरणांकडे वळली. एका धरणाला दोष देण्यापेक्षा सबंध खोऱ्याचा हिशेब मांडणेच बरोबर, हे मला यातून पटले. कृष्णेवर तर धोमपासून अलमट्टी, श्रीशैलम, नागार्जुनसागर आणि विजयवाड्याच्या प्रकाशम बंधाऱ्यापर्यंत अडथळ्यांची रांग आहे, आणि अवर्षणाच्या वर्षी समुद्रापर्यंत फार थोडे पाणी पोहोचते.

अंधार पडू लागला तेव्हा भाचीने लोहाफेक्स प्रयोगाची हकिकत सांगितली. २००९ च्या आरंभी भारतीय आणि जर्मन शास्त्रज्ञांनी ‘पोलारस्टर्न’ जहाजावरून दक्षिण महासागरात सुमारे ३०० चौरस किलोमीटर पाण्यात लोह मिसळले. शैवल वाढेल, कार्बन शोषील आणि खोल बुडेल, अशी अपेक्षा होती. शैवल वाढले खरे, पण त्या पाण्यात सिलिसिक आम्ल फार थोडे असल्यामुळे डायटम वाढले नाहीत. जे वाढले ते बारीक प्राण्यांनी खाऊन टाकले आणि खोलवर फारच थोडा कार्बन गेला. जड काचेचे कवच हेच डायटमला आणि त्याच्यातील कार्बनला खाली नेणारे वजन आहे. लोहाच्या जोडीला सिलिका नव्हती, एवढ्या एका उणिवेने प्रयोगाचा निकाल ठरला.

चौथा दिवस : कऱ्हाड ते हरिपूर

कऱ्हाड सोडून वाळव्याच्या बाजूने निघाले की दोन्ही हातांना ऊस सुरू होतो तो सांगलीपर्यंत सरत नाही. ऊसतोड टोळ्यांच्या गाड्या येऊ लागल्या होत्या आणि कारखान्यांच्या आवाराजवळ खोप्या उभ्या राहत होत्या. एका शेताच्या बांधावर उतरून मी उसाचे पान टोकाकडून बुडाकडे दोन बोटांत ओढले आणि बोटाला बारीक चीर पडली. ही धार सिलिकेची आहे. ऊस मुळांवाटे सिलिसिक आम्ल घेतो आणि पानांत काचेचे सूक्ष्म कण जमवतो. हेक्टरी काहीशे किलोपर्यंत सिलिकॉन असा उचलला जातो. हंगामभर कोयता चालवणाऱ्या बाया-माणसांच्या हातांवरचे ओरखडे मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. मेणवलीच्या पायरीवरची साय आणि हे ओरखडे एकाच सिलिकेचे आहेत. पाचट शेतातच कुजवले तर त्यातली सिलिका मातीत आणि तेथून हळूहळू पाण्यात परत जाते, कारण ती वाळूपेक्षा कितीतरी लवकर विरघळते. चिपाडाबरोबर भट्टीत गेलेली सिलिका राखेत राहते, आणि ती राख कोठे टाकली जाते हा प्रश्न आमच्यासारख्यांनी विचारायला हवा. मी तो या हंगामात विचारणार आहे.

दुपारी सांगलीत आयर्विन पुलावरून दोरीला बांधलेली बाटली खाली सोडून नमुना घेतला आणि शेवटी हरिपूरला गेलो. संगमेश्वराच्या देवळापाशी वारणा कृष्णेला मिळते. पाणी वर येऊन गेल्याची गाळाची रेघ काठच्या झाडांच्या बुंध्यांवर अजून होती. तेथली साय मेणवलीपेक्षा वेगळी, अधिक चिखलट निघाली. भिंगाखाली नित्झिया जातीच्या बारीक, टोकदार पेशी दाटीने दिसल्या. सेंद्रिय मळी आणि खते जास्त असलेल्या पाण्यात या पेशी पुष्कळदा माजतात, त्यामुळे ते दृश्य पाहून मला बरे वाटले नाही.

संध्याकाळी घरच्या ओट्यावर सगळ्या बाटल्यांची चाचणी पुन्हा एकत्र केली. गाडीत उन्हात राहिलेली माहुलीची बाटली बाद करावी लागली. उरलेल्या नळ्या पांढऱ्या कागदापुढे उभ्या केल्या तेव्हा गोमुखाची सर्वांत फिकट होती, धोमच्या दोन मधल्या, आणि कऱ्हाड, आयर्विन, हरिपूर येथील स्पष्ट पिवळ्या. मधल्या सगळ्या वाटेवर काळा बेसाल्ट, काळी माती आणि विहिरी-नाल्यांचे पाझर नदीत सिलिका घालत आले आहेत, असा याचा अर्थ लागतो. पण अर्धा डझन बाटल्या आणि एकच ऋतू यांवर यापेक्षा जास्त काही म्हणणे योग्य होणार नाही.

म्हणून पुढचे नमुने केव्हा घ्यायचे हे त्याच रात्री ठरवले. एप्रिलअखेर, कारखाना बंद झाल्यावर, धोमच्या वरचे आणि खालचे पाणी मी एकटा जाऊन आणणार आहे, आणि आषाढातल्या पहिल्या लोंढ्याचे पाणी रोज एक बाटली याप्रमाणे आठवडाभर हरिपूरला भरणार आहे. भाचीने प्रत्येक बाटली गाळून, थंड ठेवून, तिच्यावर तारीख, वेळ आणि जागा लिहायला बजावले आहे. हरिपूरच्या सायेची एक काचपट्टी ती बरोबर गोव्याला घेऊन गेली, आणि मेणवलीची माझ्यापाशी आहे.